दंतिननिर्मिती : जीनविहीन उंदरांवरील संशोधन

दंतवल्काखालील कठीण ऊतकास दंतिन म्हणतात. ते घडविणाऱ्या कोशिका प्रथम खनिजविरहित आधारद्रव्य (पूर्वदंतिन) स्रवतात. मागाहून त्यात कॅल्शियम फॉस्फेटाचे स्फटिक साचतात. डीएसपीपी या जीनातील उत्परिवर्तनाने माणसात सदोष दंतिननिर्मिती हा आनुवंशिक विकार होतो, असे २००१ मध्ये आढळले. परंतु कारणपरंपरा अस्पष्ट होती. अमेरिकेतील राष्ट्रीय दंत व मुखकपाल संशोधन संस्थेतील टी. श्रीनाथ, अशोक कुलकर्णी व सहकाऱ्यांनी हा जीन निष्क्रिय केलेल्या उंदरांवरील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या उंदरांत पूर्वदंतिनाचा थर रुंदावला, खनिजीभवन अपुरे राहिले व दंतगराची पोकळी उघडी पडली. या जीनापासून दोन प्रथिने बनतात. २००९ मध्ये त्यांपैकी केवळ दंतिन सियालोप्रथिन पुरविता थराची रुंदी घटली. खनिजघनता मात्र पूर्ववत झाली नाही. त्यावरून दोहोंची कार्ये भिन्न असल्याचे दिसून आले.