बोप्लो, बाउप्लूख आणि एक मशीद

सध्या प्रोजेक्टच्या कामानं मुक्काम जकार्तात आहे. हॉटेल मेंतेंगमध्ये मिळालं, म्हणजे लॉटरीच! मुख्य रस्त्यावर जकार्ताचं सुप्रसिद्ध ट्रॅफिक, आणि आत वळलं की गर्द झाडी, शांत गल्ल्या आणि उतरत्या कौलारू छपरांचे ऐसपैस बंगले.

हा भाग डचांनी स्वतःसाठी वसवला. तेव्हा जकार्ता म्हणजे बाटाविया. इंग्लंडमधून आलेली 'गार्डन सिटी'ची कल्पना घेऊन मोयेन नावाच्या आर्किटेक्टनं 1910 मध्ये मेंतेंगचा आराखडा काढला. त्याच्या कंपनीचं नाव 'द बाउप्लूख', म्हणजे बांधकामाची गँग. गोऱ्यांचा हा शब्द स्थानिकांच्या तोंडी बसेना, मग त्याचं झालं 'बोप्लो'. कंपनी कधीच गेली, पण इथला बोप्लो बाजार अजून त्याच नावानं ओळखला जातो.

कंपनीच्या ऑफिसची गोष्ट तर अजून भारी आहे. गोंदांगदिया स्टेशनला लागूनच ही इमारत आहे. मधल्या काळात तिथे बरीच ऑफिसं आली-गेली आणि 1987 पासून ती अधिकृतपणे मशीद आहे. बांधताना मक्केची दिशा कोण बघणार? त्यामुळे आत नमाजाच्या रांगा भिंतींना तिरक्या आखल्या आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर लेगसी सिस्टिम फेकून न देता तिच्यावरच नवीन काम चालवलंय.

मशिदीचं नाव चुत मुतिया. ही आचे प्रांतातली बाई डचांशी जंगलात लढत होती. 1910 च्या ऑक्टोबरमध्ये डच सैनिकांनी तिला ठार मारलं. वर्ष परत वाचा. इकडे मोयेन बागा आणि रुंद रस्ते आखत होता, त्याच वर्षी तिकडे सुमात्राच्या उत्तर टोकाला हे चाललं होतं. दोन्हीमागे सरकार एकच! आज मोयेनच्या कंपनीच्या ऑफिसवर तिचं नाव आहे.

पाट्यांचा हा हिशोब सगळीकडे दिसतो. बाटावियाचा पहिला महापौर बिशप याच्या नावाचा चौक आता सुरापती बाग आहे. सुरापती म्हणजे सतराव्या शतकातला, डचांविरुद्ध उठलेला गुलाम. डच राजघराण्याच्या नावाचा नासाउ बुलेवार आता इमाम बोंजोल रस्ता आहे, आणि तेही डचांशी लढलेलेच.

याच रस्त्यावर जपानी अॅडमिरल माएदाचा बंगला आहे. 16 ऑगस्ट 1945 च्या रात्री सुकार्नो, हात्ता आणि सुबार्जो यांनी तिथे बसून स्वातंत्र्याची घोषणा लिहिली. अवघी दोन वाक्यं. बंगला आज म्युझियम आहे, जरूर बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकार्नोंनी ती घोषणा जवळच पगांगसाआन तिमूर 56 या आपल्या घरी वाचली. ते घर मात्र बघायला मिळत नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द सुकार्नोंच्याच आदेशानं ते पाडलं गेलं. आता तिथे स्मारक आणि मोकळं मैदान आहे.

मला स्वतःला ती तिरक्या रांगांची मशीद जास्त पटली. ज्यांनी बांधलं आणि ज्यांनी सोसलं, दोघंही एकाच छताखाली दिसतात. पाडलेल्या घरात काय दिसणार?