शिळाछापाची विद्या आणि तिचे निनावी कारागीर



आपल्याकडच्या जुन्या घरांत लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन यांची रंगीत चित्रे काचेआड लावलेली असत. काही घरांत ती अजून आहेत. चित्राखाली बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असे, पुष्कळदा चित्रकाराचेही असे. परंतु ते चित्र दगडावर उतरवणारा, रंग निराळे करणारा आणि एकेक कागद दाबून काढणारा जो माणूस, त्याचे नाव तेथे सापडत नाही. आज शिळाछापाचा इतिहास सांगताना मला या माणसाच्या विद्येविषयी बोलायचे आहे. ही विद्या कोणी व कशी शिकून घेतली, आणि जो शिकला त्याचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न आपण डोळ्यांसमोर ठेवू.

शिळाछापाचा शोध आलॉइस सेनेफेल्डर याने जर्मनीतील बव्हेरियात लावला. हा नाटके लिहिणारा गरीब तरुण होता. आपली नाटके आपणच छापावीत अशी त्याची इच्छा. पण तांब्याचे पत्रे परवडेनात. म्हणून तो तेथल्या सोल्नहोफेनच्या चुनखडी दगडावर प्रयोग करू लागला. १७९६ मध्ये परटाकडे द्यायच्या कपड्यांची यादी कागद जवळ नसल्याने त्याने मेणाच्या शाईने दगडावरच लिहिली, अशी हकीकत त्याने स्वतः सांगितली आहे. पुढे दोन वर्षांत त्याला खरी किल्ली सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ही ती किल्ली होय. स्निग्ध शाईने दगडावर लिहावे, दगड ओला करावा, मग वरून छपाईची शाई फिरवावी. ओला दगड शाई घेत नाही, स्निग्ध अक्षर तेवढी घेते. अक्षर कोरावे लागत नाही आणि खिळे जुळवावे लागत नाहीत. १८१८ मध्ये सेनेफेल्डरने आपली सगळी कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

तत्त्व इतके सोपे असले, तरी हाताला ते सहज वश होत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी विपुल आहे. ती सिमेंटच्या भट्टीत जाते. छपाईला मात्र अतिशय बारीक आणि एकसारख्या कणांचा दगड लागतो. दोन फूट रुंद, तीन फूट लांब आणि चार इंच जाड अशा दगडाचे वजन दीडशे किलोच्या आसपास भरते. शिकाऊ पोराचे पहिले काम म्हणजे हा दगड घासणे. दोन दगड एकमेकांवर ठेवायचे, मध्ये वाळू व पाणी घालायचे आणि वरचा दगड गोल गोल फिरवीत राहायचे. आधी जाड वाळू, मग बारीक. जुने चित्र नुसते दिसेनासे होऊन चालत नाही. त्याची दगडात मुरलेली चरबी गेली पाहिजे, नाहीतर नव्या चित्रातून जुन्याचे भूत डोके वर काढते. दगड सर्व बाजूंनी सपाटही राहिला पाहिजे, कारण मधेच खळगा पडला तर तेथे दाब पोचत नाही.

यानंतर लिहिण्याचे काम. साबण, मेण, चरबी आणि काजळी यांच्या कांडीने किंवा शाईने दगडावर लिहायचे, तेही उलटे, आरशात दिसते तसे. हाताखाली फळी घ्यावी लागते. घामट बोट दगडाला लागले तर ते बोटही छापून येते. मग डिंकाच्या पाण्यात शोऱ्याच्या तेजाबाचे थोडे थेंब घालून ते दगडावर पसरायचे. तेजाब कमी पडले तर चित्र घाण धरते, जास्त झाले तर नाजूक रेषा जळून जातात. किती थेंब पुरे, हे दगडावर उठणाऱ्या फेसावरून ओळखावे लागते. पुढे एकाने ओल्या फडक्याने दगड पुसायचा आणि दुसऱ्याने चामड्याचा रूळ फिरवायचा. दगड क्षणभर कोरडा पडला की सगळीकडे शाई धरलीच. हे पुस्तकात वाचता येते, पण येते ते उस्तादाशेजारी उभे राहूनच.

आपल्या भाषेत ही विद्या आली ती एका अगदी सामान्य माणसाच्या हातून. गणपत कृष्णाजी हे मुंबईचे भंडारी समाजातील गृहस्थ. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरी करता करता त्यांनी छपाईचे काम पाहून ठेवले. मग स्वतः खटपट करून यंत्र उभे केले, दगड आणि शाई यांचे प्रयोग केले, आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढले. पंचांग हाताने नकलून घेण्याच्या त्या काळात ही केवढी उलथापालथ होती, याची कल्पना करा. छापलेल्या धर्मग्रंथाला हात लावायला कर्मठ लोक तयार नव्हते, कारण शाईत चरबी! तेव्हा गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. कारागिराच्या दृष्टीने यात एक मर्म आहे. शाई स्निग्ध हवी. तो स्निग्धपणा कशाचा, याची दगडाला पर्वा नाही. ज्याला हे तत्त्व कळले होते त्यालाच हा तोडगा सुचणे शक्य होते. पुढे त्यांनी खिळे पाडण्याची कलाही साध्य केली आणि १८६० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा छापखाना मुंबईत नावारूपाला आला होता. नोकर म्हणून आत गेलेला माणूस मालक होऊन बाहेर पडला, तो या शिकून घेतलेल्या विद्येच्या बळावर.

शिळाछापाने आणखी एक गोष्ट केली. सुंदर हस्ताक्षर असणाऱ्या लेखनिकांची भाकरी तिने एकदम काढून घेतली नाही. पोथी पूर्वीप्रमाणे हातानेच लिहिली जाई. फक्त एका पोथीच्या शेकडो प्रती निघत. नवे यंत्र आले की जुना कारागीर उपाशी मरायलाच हवा, असा काही निसर्गाचा नियम नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

१८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. देवादिकांची आणि मराठी इतिहासातील पुरुषांची रंगीत शिळाचित्रे तिने घरोघर पोचवली. रंगीत चित्र म्हणजे प्रत्येक रंगाला निराळा दगड. आधी मूळ चित्राकडे पाहून पिवळा कोठे, तांबडा कोठे, निळा कोठे हे कारागिराने मनाशी ठरवायचे. मग प्रत्येक दगडावर तेवढाच भाग ठिपक्या-ठिपक्यांनी भरायचा. तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवरून जातो आणि केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर येतात. मूळ चित्र काढणे ही प्रतिभा खरी; परंतु त्याचे दहा-बारा दगडांत पृथक्करण करून पुन्हा ते एकत्र आणणे, हीही बुद्धीच आहे. तिला आपण नुसती मजुरी म्हणत आलो.

राजा रविवर्मा यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला. यंत्रे जर्मनीची आणि तंत्रज्ञही जर्मन. पुढे प्लेगने मुंबईत कहर केला, आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रांना मागणी होती, तरी कर्ज वाढत गेले. शेवटी विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना, चित्रे छापण्याच्या हक्कांसह, फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. चित्रे रविवर्म्यांची, भांडवल त्यांचे व त्यांच्या भागीदाराचे; पण यंत्राची आणि दगडाची विद्या ज्याच्या हाती, अखेर छापखाना त्याचा झाला. गणपत कृष्णाजी आणि श्लायखर यांच्यात समुद्राचे अंतर आहे, तरी दोघांची गोष्ट एकच आहे. १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला.

याच रविवर्मा छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनी काम केले. पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीस गेले. भागीदारांशी बिनसल्यावर त्यांनी छपाई सोडली आणि १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्राचा चित्रपट पडद्यावर आणला. प्रकाश, रसायन आणि हाताची सफाई यांची त्यांची तालीम आधी छापखान्यातच झाली होती.

दरम्यान दगडाची जागा पत्र्याने घेतली. जस्ताचा, नंतर ॲल्युमिनियमचा पत्रा हलका, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे तो वाकवून रुळावर चढवता येतो. दगड पुढे-मागे सरकतो, रूळ सतत फिरतो. त्यामुळे छपाईचा वेग कितीतरी वाढला. पत्र्यावर पाणी धरून ठेवायला आधी वाळू आणि गोळ्या फिरवून त्याला खरखरीतपणा आणावा लागे. दगडावर चूक खरडून काढता येते, पत्र्यावर तितकी सोय नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ऑफसेट आले. त्यात पत्रा रबरावर छाप देतो आणि रबर कागदावर. म्हणून पत्र्यावर अक्षर सुलटेच असते, आणि उलटे लिहिणाऱ्या हाताचे काम तेथे संपले. आजची वर्तमानपत्रे आणि पाठ्यपुस्तके सेनेफेल्डरच्याच तेल-पाण्याच्या तत्त्वावर छापली जातात. दगड मात्र कलाशाळांच्या मुद्राचित्रण विभागांत उरला आहे.

मी कामगार चळवळीत वावरणारा माणूस आहे, म्हणून या इतिहासातून मला जे दिसते ते सांगतो. मजुरी, कामाचे तास, सुटी यांसाठी लढलेच पाहिजे. परंतु यंत्र बदलते तेव्हा ज्याला फक्त आपल्यापुरती एक हालचाल येते, तो पहिल्यांदा बाहेर पडतो. ज्याला त्या हालचालीमागचे कारण कळते, तो नव्या यंत्राशेजारी उभा राहू शकतो. दगड का ओला ठेवायचा हे ज्याला समजले होते, त्याला पत्राही परका नव्हता. म्हणून शिकण्याचा हक्क ही मागणी वेतनाच्या मागणीइतकीच मोठी आहे, आणि करारनाम्यात ती शेवटच्या कलमात ढकलता कामा नये.

आपल्या भद्रावतीला हे नवे नाही. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभाराच्या हातात नुसती माती न ठेवता मातीचे शास्त्रही ठेवण्याचा प्रयत्न केला. आपल्या भागातून कोळसा जातो, चुनखडी जाते, बांबू बल्लारपूरच्या कारखान्यात जाऊन कागद होतो. त्या कागदावर काय छापायचे आणि कसे छापायचे, हे शिकलेली पोरे इथून किती जातात, याचा हिशेब गावाने एकदा मांडावा. आणि एखाद्या घरात जुने शिळाचित्र निघाले, तर ते टाकू नका. त्यावर भिंग धरून ठिपके पाहा. ते ठिपके कोणीतरी एकेक करून, उलटे, श्वास रोखून भरले आहेत.