मेख, फळी, भोंगा : एका दिवसात उभा राहणारा रंगमंच

तमाशावर व्याख्यान आहे म्हटलं की श्रोत्यांच्या मनात एक यादी तयार असते. राम जोशी येणार, होनाजी बाळा येणार, पठ्ठे बापूराव आणि पवळा येणार, मग लावणीचे प्रकार येणार. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण त्यावर पुष्कळ बोललं गेलंय. आज आपण ट्रकच्या फाळक्यापासून सुरुवात करू. म्हणजे फाळका खाली पडतो, आतून फळ्या, लोखंडी घोडे, बांबू, दोरखंड, कनातीच्या गुंडाळ्या आणि भोंगे बाहेर येतात, तिथून.

आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. सकाळी ज्या मैदानात शेळ्या चरत होत्या, तिथं रात्री हजारभर माणसं बसून वग बघतात. मधल्या काही तासांत हे उभं कोण करतं, कसं करतं, आणि या घाईचा तमाशाच्या रूपावर काय परिणाम झाला? आमचं म्हणणं असं की परिणाम फार मोठा झाला. तमाशा कसा दिसावा, किती चालावा, कुठल्या आवाजात गावा, हे शाहिरानं ठरवलं तितकंच सामान उतरवणाऱ्यानं आणि भोंगा बांधणाऱ्यानंही ठरवलं.

आधी वेळेचं गणित बघा. ढोलकीफडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. त्यातला खरा धावपळीचा काळ म्हणजे चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा. पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि सुपारी ठरते. कलावंत किती, गाड्या किती, लाइट-साउंड कसा, सगळी चौकशी होते. सुपारी एकदा घेतली की त्या तारखेला त्या गावात रंगमंच उभा असलाच पाहिजे. जत्रा काही पुढे ढकलता येत नाही, देवाची तिथी असते.

आणि जत्रेत नुसता रात्रीचा खेळ नसतो, दुसऱ्या दिवशी हजेरीही असते. समजा, हजेरी दुपारी बाराला संपली. सगळं उकलून गाडीत भरायला दोन तास धरा. पुढचं गाव सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, मध्ये एखादा घाट, भरलेला ट्रक. पोचेपर्यंत पाच वाजले. म्हणजे दिवस मावळायच्या आत मेखा ठोकायला, घोड्यांवर फळ्या टाकायला, मागे राहुट्या लावायला, वायर ओढायला तास-दीड तास मिळाला. रात्रभर जागलेली तीच माणसं हे करतात. असं महिनाभर, रोज नवं गाव.

तंबूतल्या तमाशात तर तिकीट असतं, म्हणून मैदानाला चहूबाजूंनी कनात घालावी लागते. तिथं कामाचा क्रमही ठरलेला. जमीन बघायची, कारण खडकात मेख जात नाही आणि नांगरलेल्या मातीत ती धरत नाही. मग वारा बघायचा. चैत्रात संध्याकाळी वावटळ उठली की कनात शिडासारखी फुगते आणि सगळा ताण दोरावर येतो. दोर मेखेला कुठल्या कोनात आणायचा हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. एक धरतो, दुसरा ठोकतो, तिसरा ताणतो, आणि हाताला ताण कळतो. हे ज्ञान कागदावर नाही. तमाशाच्या जाहिरातीत सोंगाड्याचं नाव असतं, ढोलकीवाल्याचं असतं, मेख ठोकणाऱ्याचं कधीच नसतं. आम्हाला इतिहासाच्या दृष्टीनं ही अडचण वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडी शरमही वाटते.

आता जरा मागे जाऊ, कारण तमाशाला मुळात रंगमंच लागत नव्हता. चावडीपुढची किंवा देवळापुढची मोकळी जागा, तीन बाजूंनी माणसं, आणि उजेडाला टेंभा, पुढे गॅसबत्ती. पडदा नाही, विंग नाही. दोन पावलं चालून ‘आलो बघा मथुरेच्या वाटेवर’ म्हटलं की मथुरेची वाट झाली! याला नुसतं गरिबीचं लक्षण समजू नका. जे सामान उचलावंच लागत नाही, ते सर्वांत लवकर उभं राहतं. याच्या उलट नाटक मंडळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात आलं, आणि पुढे रंगवलेले पडदे, पेट्या, कपडेपट असा संसार वाढत गेला. तो रेल्वेनं हलायचा. एका गावी मुक्काम टाकायचा, अनेक प्रयोग करायचे, मग पुढे. रोज गाव बदलणं त्या संसाराला जमणारं नव्हतं. तमाशाला ते जमायचं.

बरं, आवाजाचं काय? मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. भिंती नाहीत, छत नाही, परतून काही येत नाही. ध्वनिक्षेपक नसताना दूर बसलेल्या माणसाला लावणी ऐकू कशी जायची? इथं तमाशाची रचनाच कामाला येते. गाणाऱ्याच्या मागे उभे राहिलेले सुरत्ये ओळीचा शेवट उचलून उंच स्वरात झील धरतात. पुस्तकात याला साथ म्हणतात. आम्ही त्याला साथ तर म्हणूच, पण ती मागच्या रांगेपर्यंत ओळ पोचवायची युक्तीही होती. बारीक, उंच आवाज गर्दीच्या गलक्यातून वेगळा निघतो. हलगी विस्तवावर शेकून ताणतात, तिचा कडकडाट शिवारापार जातो आणि गावाला कळतं की तमाशा आला. तुणतुणं आणि झांजही त्याच उंच पट्टीतली. म्हणजे हा सगळा वाद्यमेळ म्हणजे खांद्यावरून नेता येणारी ध्वनिव्यवस्थाच होती, आणि तिला लावायला वेळ शून्य. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. गिरणगावात चाळीपुढे उभं राहायचं, डफावर थाप मारायची आणि सुरू करायचं.

मग भोंगा आला. १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी मोठ्या जमावाला ऐकू जाईल असा कर्णा दाखवला. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये त्यातून बोलले. आपल्याकडे तो आधी राजकारणात शिरला. मुंबईच्या शिकागो रेडिओ या मोटवानेंच्या कंपनीनं काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. गांधी-नेहरूंच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर त्या कंपनीची पाटी दिसते, एकदा मुद्दाम बघा.

यातलं एक अधिवेशन आपल्या विषयाला अगदी लागून आहे. डिसेंबर १९३६, फैजपूर. जळगाव जिल्ह्यातलं हे गाव, आणि खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की मांडव गावातल्या सामानातून उभा राहावा, आणि शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोसांनी बांबू, चटया, गवत वापरून तो सजवला. आपण याचं कौतुक कलेचा प्रयोग म्हणून करतो, ते रास्तच आहे. पण बांबू बांधणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटलं नसेल. जत्रेचा मांडव तो तसाच बांधत आला होता.

तमाशात भोंगा रुळला तो अगदी व्यावहारिक कारणांनी. कर्ण्याच्या आकारामुळे थोड्या विजेत पुष्कळ आवाज निघतो. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर मिळाला की गावात वीज असो वा नसो, काम भागतं. वजनाला हलका, पावसाला न भिणारा. झाडाला बांधा, बांबूला बांधा, पाच मिनिटांत तयार. इतक्या लवकर उभं राहणारं दुसरं कुठलंच यंत्र फडाकडे आलं नसेल.

पण भोंगा सगळेच स्वर सारखे बोलत नाही. त्याला खर्ज झेपत नाही. ढोलकीच्या शाईचा टणत्कार त्यातून लखलखीत येतो, पण दुसऱ्या तोंडाचा घुमारा बराचसा गळतो. बाईचा उंच आवाज सुरीसारखा जातो, सोंगाड्याची हळू कुजबुज फुटते. जत्रेतल्या भोंग्यावरची लावणी म्हटल्यावर आपल्या कानात जो थोडा नाकातला, थोडा धातूचा आवाज वाजतो ना, तो गाणारणीचा गळा नाही, भोंग्याचा पत्रा आहे.

दुसरी गोष्ट झाली ती उभं राहण्याची. पूर्वी नट तीन बाजूंच्या प्रेक्षकांत फिरत बोलायचा. मायक्रोफोन आला तसा तो त्याच्यापाशी येऊन बोलू लागला, कारण दोन पावलं मागे सरला की आवाज गेला, आणि भोंग्यासमोर माइक गेला की शिट्टी! रिंगणातला खेळ हळूहळू समोरासमोरचा झाला. मग फळ्यांचा उंच रंगमंच, मागे पडदा, पडद्यामागे राहुटी. ही राहुटी म्हणजे फडाचं घरच. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत रंगमंचावर आल्या, ही गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. आपण ती बाईंच्या धीराची म्हणून ऐकतो. पण दोन बांबू आणि एक कापड यांच्या आडोशाला माणसं जन्मत होती, हेही त्यात आहे.

पुढची पायरी म्हणजे स्वतःचा जनरेटर, स्पीकरच्या पेट्या, रंगीत लाइट, धुराची यंत्रं. आता खर्जही ऐकू येऊ लागला, किंबहुना तोच ऐकू येऊ लागला. सामान वाढलं, गाड्या वाढल्या, चढवणारे-उतरवणारे हात वाढले, आणि तास मात्र तेवढेच राहिले. ज्या कलेला टेंभा आणि तुणतुणं पुरत होतं, तिला आता पहिली ओळ म्हणायच्या आधी डिझेल जाळावं लागतं. हा खर्च सुपारीतून किंवा तिकिटातूनच निघायचा.

आणि नेमकं याच सुमारास घड्याळ मध्ये आलं. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला सूट, पण कापडाच्या तंबूला कोण बंदिस्त म्हणणार? राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत मुभा देता येते, पण जत्रांचा हंगाम काही १५ दिवसांचा नाही. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या नियमांवर कडक शिक्कामोर्तब केलं. नियम चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. रात्री तीनला खिडक्या हादरवणाऱ्या भिंतींशेजारी राहणाऱ्यांना विचारा. पण तमाशाचं काय झालं ते नोंदवलं पाहिजे.

गण, गवळण, बतावणी, मग वग, असा तमाशाचा क्रम. वग शेवटी, म्हणजे मध्यरात्रीनंतर, आणि तो पहाटेपर्यंत रंगायचा. शेतातली कामं उरकून, जेवून माणसं नऊला येणार. दहाला भोंगा बंद करायचा तर गण-गवळणीतच वेळ संपली. रंगबाजी, सिनेमाची गाणी एवढं उरतं. वग आखडत गेला, आणि कित्येक ठिकाणी गळालाच. वग गेला की सोंगाड्याचं हजरजबाबी बोलणं गेलं, गावातल्या सावकाराला आणि पुढाऱ्याला टोमणा मारायची जागा गेली. फडमालकांनी वेळ वाढवून मागितली, अजूनही मागतात. कुणी म्हणेल, माइक बंद करा आणि जुन्यासारखं गा. म्हणायला सोपं आहे. पण झील धरणारे सुरत्ये आता आहेत कुठे? भोंगा आल्यावर त्यांची गरज कमी झाली, तसे तेही कमी झाले. आणि रिंगणाचा फळ्यांचा रंगमंच झालाय, प्रेक्षक लांब गेलाय, त्याचा कानही बदललाय.

२०२० आणि २०२१ या दोन सालांत साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत. गाड्या उभ्या राहिल्या, कनाती दुमडून पडल्या. कलावंतांच्या हालांविषयी तेव्हा थोडंफार छापून आलं. मेखा ठोकणारे कुठे गेले, कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला, त्यांतले किती परत आले, याची नोंद आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या गावात फडाचं सामान उतरायचं, कुणाच्या घरातला माणूस मांडवाचं किंवा साउंडचं काम करायचा, तर त्यांच्याशी बोला. मेख किती लांब होती, दोर कसला होता, भोंगा कुठल्या झाडाला बांधायचे, पहिलं काय उतरवायचे आणि शेवटचं काय चढवायचे, हे विचारून लिहून ठेवा आणि आम्हाला पाठवा. चला, आता प्रश्न घेऊ.