निर्लेखन आणि नाश

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात जुने संगणक भंगारात काढण्यासाठी एक समिती नेमली गेली. मराठीच्या प्राध्यापकाला अशा समितीवर घेण्याचे कारण एवढेच, की टिपणी शुद्ध भाषेत लिहिली जावी. चाळीस संगणक, त्यांची डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंद, मूळ किंमत, घसारा आणि शेवटी ठराव : 'सदर वस्तू निर्लेखित करण्यात येत आहेत.' भंगारवाला वजनावर सगळे उचलणार होता. सह्या होण्याच्या बेतात असताना संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, आतल्या हार्ड डिस्कचे काय?" त्या डिस्कवर पंधरा वर्षांचे प्रवेशअर्ज होते, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खात्यांचे क्रमांक, पालकांच्या उत्पन्नाचे तपशील, मुलींचे पत्ते आणि दूरध्वनी. "ते सगळे डिलीट केलेले आहे," असे कोणीतरी म्हणाले आणि समितीला हायसे वाटले. त्या सहकाऱ्याला मात्र वाटले नाही.

निर्लेखन हा शासकीय मराठीतील एक विलक्षण शब्द आहे. त्याची फोड केली तर लिहिलेले पुसून टाकणे असा अर्थ निघावा. प्रत्यक्षात कार्यालयात पुसली जाते ती वस्तूची रजिस्टरमधली नोंद. वस्तू जिथल्या तिथे असते. संगणकाचे 'डिलीट' नेमके याच जातीचे आहे. ग्रंथालयाच्या सूचीतून एखादे कार्ड काढून टाकावे आणि पुस्तक मात्र फडताळात तसेच राहावे, तसे ते असते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तबकडीवर शाबूत राहतो, आणि साध्या साधनांनी परत वाचता येतो. नुसते फॉरमॅट केल्यानेही बहुधा सूचीच नवी होते. म्हणजे आमचा ठराव आणि संगणकाची आज्ञा या दोन्हींनी एकच केले होते : वस्तूला हात न लावता तिची नोंद काढली होती.

नोंद गेली म्हणजे वस्तू गेली, या समजुतीची सर्वांत महाग किंमत कोठे मोजली गेली, हे नाशिककरांना सांगावे लागू नये. नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. तोपर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२८ मध्ये शेजारीच चलनी नोटांचा छापखाना उभा राहिला. पुढे टपाल तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे, नोटा असा राज्यसंस्थेचा बराचसा 'विश्वास' या गावात कागदावर उमटू लागला. अशा छापखान्याचा पहिला नियम मोजणीचा असतो. आत आलेला प्रत्येक ताव बाहेर पडलेल्या तावाशी जुळला पाहिजे. बिघडलेला ताव हा तेथे कचरा नसतो. तो मोजायचा, नोंदवायचा आणि साक्षीने नष्ट करायचा असतो. निकामी केलेल्या प्लेटवर आडवे चरे मारून ती पुन्हा छपाईला लावता येणार नाही असे करणे, ही तर या धंद्यातील जुनी रीत.

एवढी दक्षता कागदाबाबत पाळणाऱ्या व्यवस्थेची चूक झाली ती यंत्रांबाबत. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला आणि नंतर मुंबईच्या फोर्ट भागात स्वतःच बनावट मुद्रांक छापायला सुरुवात केली. त्यासाठी लागणारी यंत्रे त्याने कोठून आणली? नाशिकच्या प्रेसमधून भंगार म्हणून लिलावात निघालेली यंत्रे त्याच्या हाती पडली होती, हे तपासात पुढे आले. विक्रीपूर्वी ती तोडून निकामी व्हायला हवी होती. तशी ती झाली नव्हती. सरकारच्या दप्तरी ती यंत्रे मेलेली होती. तेलगीच्या कारखान्यात ती छपाई करीत होती.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये तेलगीला अजमेरमध्ये अटक झाली, २००२ मध्ये पुण्यात या जाळ्याचे धागेदोरे हाती लागले, २००४ मध्ये प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. २००७ मध्ये त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपयांचा दंड झाला. २०१७ मध्ये तो बंदिवासातच मरण पावला. घोटाळ्याच्या रकमेचे आकडे इतके वेगवेगळे सांगितले गेले, की त्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. अनेक माणसांच्या संगनमताखेरीज एवढा व्यवहार घडला नसता, हे उघड आहे. पण संगनमताला लागणारी फट कोणती होती, हे पाहू गेल्यास ती 'निर्लेखित' आणि 'नष्ट' या दोन शब्दांमधली होती. भंगार ही वस्तूची अवस्था नव्हे, ते केवळ तिच्या मालकाचे मत आहे. घेणाऱ्याचे मत वेगळे असू शकते.

हार्ड डिस्कच्या बाबतीत घेणाऱ्याचे मत काय असते, याचा पडताळा २००३ मध्ये अमेरिकेत सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ चालत होत्या, आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांवर पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया हे अवकाशयान कोसळले. आकाशातून जळत पडलेल्या अवशेषांत सापडलेल्या एका डिस्कवरून तिच्यावरील प्रयोगाची जवळजवळ सगळी माहिती तज्ज्ञांनी परत मिळवली. आपण ज्याला 'जळून खाक' म्हणतो, तेही नेहमी खाक झालेले नसते.

कागदाचाही अनुभव निराळा नाही. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत पट्ट्या-पट्ट्या करून टाकलेली कागदपत्रे इराणी विद्यार्थ्यांनी गालिचे विणणाऱ्यांच्या मदतीने जुळवली आणि छापून काढली. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी १९८९ च्या अखेरीस फाडलेल्या कागदांची हजारो पोती आजही पूर्ण जुळवून झालेली नाहीत. पण जुळवणारे बसले आहेत.

म्हणूनच नाश हे एक कौशल्याचे काम ठरते. हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेल्या गोल तबकड्या असतात. त्यांवर आधी सगळीकडे नवा मजकूर लिहून घ्यावा, किंवा प्रबळ चुंबकक्षेत्राने लेपाची रचना मोडावी, आणि मग तबकड्यांचे तुकडे करावेत, हा पक्का मार्ग. नुसते वरचे हिरवे सर्किट फोडून उपयोग नाही. ते बदलता येते. नव्या एसएसडीमध्ये तबकडी नसून चिपा असतात. त्यांच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही, वरून लिहिलेलेही प्रत्येक कोपऱ्यात पोचत नाही. तेथे चिपांचा चुराच करावा लागतो. २०१३ च्या जुलैमध्ये लंडनच्या 'गार्डियन' दैनिकाच्या तळघरात स्नोडेनने फोडलेली कागदपत्रे साठवलेले संगणक ग्राइंडरने आणि ड्रिलने फोडण्यात आले, तेव्हा सरकारी गुप्तचर विभागाचे तंत्रज्ञ शेजारी उभे राहून पाहत होते. त्याच माहितीच्या प्रती परदेशात आहेत, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. नाशाला साक्षीदार लागतो, आणि किती प्रती आहेत याचा हिशेबही लागतो, हे दोन्ही धडे त्या एका प्रसंगात आहेत.

येथे माझ्यातला इतिहासाचा वाचक अडखळतो. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो लोकांनी निरुपयोगी मानलेल्या दप्तरांच्या जिवावर. त्या काळातल्या एखाद्या दक्ष कारकुनाने सगळे रीतसर जाळले असते, तर पानिपतच्या आधीचा पत्रव्यवहार आपल्याला कोठून दिसला असता? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर निष्काळजीपणा हे नव्हे. राजवाड्यांना मिळालेले कागद जसे बेपर्वाईने वाचले, तसेच त्याहून कितीतरी जास्त बेपर्वाईने वाण्याच्या पुड्यांना गेले. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा म्हणूनच आधी छाननी आणि मग नाश असा क्रम सांगतो. काय राखायचे हे ठरवल्याखेरीज काय नष्ट करायचे हे ठरत नाही. शिवाय पेशव्यांच्या वकिलाचे पत्र आणि आज हयात असलेल्या मुलीचा पत्ता यांत फरक आहे. पहिल्यावर इतिहासाचा हक्क आहे. दुसरा त्या मुलीने एका कामापुरता आपल्या हवाली केला होता. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हेच तत्त्व शब्दांत मांडले आहे.

आमच्या समितीने अखेर ठराव मागे घेतला. चाळीस डिस्क बाहेर काढल्या, निकालपत्रके आणि महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे जुने अंक तेवढे वेगळे उतरवून घेतले. मग डिस्कवर नवे लेखन करून त्या शेजारच्या कार्यशाळेत नेल्या. ड्रिलने आरपार भोके पाडली, तबकड्या बाहेर काढून घणाने ठेचल्या. दुपारभर आवाज चालला होता. प्रत्येक डिस्कचा क्रमांक वाचला जाई, मी तो लिहून घेई. एकोणचाळीस भरल्या. चाळिसावी कोठे होती, याचा शोध तीन दिवस चालला. ती दुरुस्तीसाठी काढून एका कपाटात ठेवलेली सापडली. ते तीन दिवस मला नीट झोप लागली नाही. तुकडे अधिकृत ई-कचरा केंद्राकडे गेले, आणि टिपणी मीच लिहिली. तिच्यात 'निर्लेखित' हा शब्द आहेच, नियमाने तो लागतो. त्याच्या खाली 'समक्ष नष्ट केले' असे लिहून आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या.