महूच्या माळावरची 'अस्मी'

धरमपुरीचा नर्मदाकाठ सोडून आग्रा रस्त्याला लागलं आणि विंध्याचा घाट चढून वर आलं की माळव्याच्या पठारावर महू लागतं. महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी इथे छावणी वसवली. मराठी माणसाला महू ठाऊक असतं ते डॉ. आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून. लष्करी पिस्तुलाच्या कुळकथेत महूचं नाव यायला मात्र 2021 साल उजाडावं लागलं.

ही कुळकथा मुळात चाचण्यांची आहे. रिव्हॉल्व्हर बोजड होतं, पण भरवशाचं. आपोआप गोळी भरणाऱ्या पिस्तुलावर सैन्याचा विश्वास बसेना, कारण ऐन वेळी ते अडकलं तर शिपायाचा जीव जायचा. मार्च 1911 मध्ये अमेरिकी सैन्याने यावर सरळ उपाय काढला. कोल्ट आणि सॅव्हेज या दोन पिस्तुलांतून प्रत्येकी 6000 गोळ्या झाडायच्या. शंभर गोळ्या झाल्या की थोडा विसावा, हजार झाल्या की साफसफाई आणि तेल. फारच तापलं तर पाण्यात बुडवायचं. सॅव्हेज 37 वेळा अडखळलं, कोल्ट एकदाही नाही. त्याच महिन्यात सैन्याने कोल्ट स्वीकारलं.

ते जॉन ब्राउनिंगचं डोकं होतं. गोळी सुटताना नळी आणि तिच्यावरची स्लाइड एकमेकींत अडकून थोडं अंतर जोडीनेच मागे सरकतात. दाब उतरला की नळीचं मागचं टोक खाली झुकतं, स्लाइड मोकळी होऊन एकटी मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि परतताना नवं आत ढकलते. आजची बहुतेक लष्करी पिस्तुलं याच तत्त्वावर चालतात. 1926 साली ब्राउनिंग बेल्जियममध्ये वारला. त्याचं अपुरं राहिलेलं शेवटचं पिस्तूल द्यूदोने सेव्ह याने 1935 पर्यंत पुरं केलं. मुठीतल्या मॅगझिनमध्ये तेरा काडतुसं, दोन ओळींत. मॅगझिन काढून घेतलं की चाप ओढूनही गोळी सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल कॅनडात इंग्लिस कंपनीने बनवलं. पुढे ते बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होऊ लागलं आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला आलं. शस्त्र उत्तम, यात शंका नाही. पण आराखडा 1935 चा आणि परक्याचा, ही खंत राहतेच.

शिवाय रणगाड्यातले जवान, वाहनचालक, रेडिओवर बसलेला ऑपरेटर यांचं काय? लांब रायफल त्यांना अडचणीची होते आणि जवळून हल्ला झाला तर साधं पिस्तूल पुरत नाही. जागा थोडी घेणारं, पण झडीने गोळ्या झाडणारं मशीन पिस्तूल त्यांना हवं होतं.

ते महूच्या इन्फंट्री स्कूलने आणि पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने मिळून घडवलं. इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. काम अवघ्या चार महिन्यांत उभं राहिलं आणि जानेवारी 2021 मध्ये ते जाहीर झालं. वरचा भाग विमानाला वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने काढलेले, म्हणजे साचा घडवण्यात महिने घालवायला नकोत; नमुना फसला तर दुरुस्त करून पुन्हा काढता येतो. काडतूस सैन्याच्या भांडारात आधीपासून असलेलं 9 मिलिमीटरचंच. नाव ठेवलं 'अस्मी'. उत्पादनखर्च नगाला 50,000 रुपयांच्या आत राहील, असा तेव्हाचा अंदाज होता.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की शस्त्र वापरणारा आणि शस्त्र आखणारा पहिल्या रेघेपासून एकत्र बसले. ईशापूरच्या पिस्तुलाच्या वाट्याला ते आलं नव्हतं. त्याचा आराखडा आयताच आला होता.

नोव्हेंबर 2024 मध्ये सैन्याच्या उत्तर कमांडने 550 'अस्मी' ताफ्यात घेतल्या. त्या हैदराबादच्या लोकेश मशीन्सने बनवल्या आहेत.