फी माफ झाली, पुढे काय? यवतमाळचे तांडे आणि भावंडांचं शिक्षण

आजचा विषय शिक्षणाच्या इतिहासातला आहे, पण सुरुवात आपण एका घरापासून करू. हे घर कुणा एकाचं नाही. पुसद, महागाव, दिग्रस या भागातल्या कुठल्याही तांड्यावर ते सापडेल. दिवाळीच्या आगेमागे मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक भरतो आणि घर ऊसतोडीला निघतं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. घरात चार भावंडं आहेत. सर्वांत धाकटं आईसोबत जाणार, कारण ते अंगावर पितं. त्याला सांभाळायला थोरली बहीण जाणार. उरलेले दोघे आजीजवळ राहिले तर शाळेत जातील.

आता गंमत पाहा. या चौघांपैकी एकालाही शाळेची फी नाही. कायद्याने शिक्षण मोफत आहे. तरी थोरलीची शाळा सुटली. आपण आज हाच प्रश्न घेणार आहोत : शिक्षण मोफत झालं म्हणजे नेमकं काय मोफत झालं, आणि कुणासाठी?

थोडं मागे जाऊ. बंजारा किंवा लमाण समाज फिरत होता तो हौसेने नव्हे. तो त्यांचा व्यवसाय होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हजारो बैलांचे तांडे देशभर जात. पक्के रस्ते झाले, रेल्वे आली आणि ही वाहतूक बसली. वऱ्हाडात कापसासाठी रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळपर्यंत ती छोटी गाडी पोहोचली, जिला आपण आजही प्रेमाने शकुंतला म्हणतो. कापसाच्या व्यापाऱ्याची सोय झाली. पण बैलावर माल वाहणाऱ्याचं काय? तो जंगलाच्या कडेला, माळावर तांडा करून राहिला. काहींना जमीन मिळाली, बहुतेकांना मजुरी. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. देशातल्या अनेक भटक्या समाजांवर त्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला आणि ‘विमुक्त’ हा शब्द आला. म्हणजे ज्या समाजाचं काम फिरण्याचं होतं, त्याचं काम गेलं, फिरणं मात्र राहिलं. फक्त आता ते मजुरीसाठी होतं.

यवतमाळ जिल्ह्यात या इतिहासाचं सर्वांत ठळक घर म्हणजे पुसद तालुक्यातलं गहुली. वसंतराव नाईक यांचा जन्म तिथे १ जुलै १९१३ रोजी झाला. वसंतराव आसपासच्या गावांतल्या शाळांत शिकले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले, कायदा शिकले, पुसदला वकिली केली आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचे थोरले बंधू राजूसिंग. या राजूसिंगांचे चिरंजीव सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण इतिहास शिकणाऱ्याने एक प्रश्न विचारावा : हे घर नागपूरपर्यंत कसं पोहोचलं? वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक होते, घराला जमीन होती. मुलगा बाहेरगावी शिकत असताना त्याच्या कमाईवाचून घराचं अडत नव्हतं. त्याच तांड्यावरच्या मजुराच्या घरात हुशार मुलं नव्हती का? होती. पण त्यांना गावोगावच्या शाळांत ठेवून जेवू घालणारं कुणी नव्हतं. फी ही अडचण होतीच, पण फीच्या आधी भाकरीची अडचण होती.

आता सरकारने काय काय केलं ते पाहू. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रयत्न होते. मग १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आली ती ईबीसी सवलत. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर जात न पाहता फी माफ. ‘बाराशेच्या आत उत्पन्न’ हा शब्दप्रयोग जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आला होता, त्यामुळे ही सवलत यवतमाळलाही लागू झाली.

या सवलतीचं मोल भावंडांच्या हिशेबात लक्षात येतं. एकाची फी बापाने कशीबशी भरली असती, पण दुसऱ्याच्या वेळी तो म्हणाला असता, ‘आता तू शेतात ये.’ फी माफ झाली तसा दुसरा भाऊ शाळेत टिकण्याची शक्यता वाढली. पण ज्याच्या घरी शेत आहे, गावात शाळा आहे आणि घर वर्षभर जागेवर आहे, त्याला हा फायदा आधी मिळाला. तांड्याला तो पुरेसा नव्हता.

तांड्याला उपयोगी पडलं ते वसतिगृह. आमचं मत असं, की महाराष्ट्रातल्या गरिबांच्या शिक्षणाचा इतिहास शाळांपेक्षा वसतिगृहांचा जास्त आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. ठक्करबाप्पांनी पंचमहालच्या भिल्लांत आश्रमशाळेचा प्रयोग केला. या सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती, की मुलाला शाळेत आणायचं तर आधी त्याच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय हवी. स्वातंत्र्यानंतर विमुक्त-भटक्यांसाठी आणि आदिवासींसाठी आश्रमशाळा निघाल्या. यवतमाळ जिल्ह्यात आज पुसद आणि पांढरकवडा अशी आदिवासी विकासाची दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. कोलाम, गोंड, परधान, आंध या समाजांची मुलं या व्यवस्थेतून शिकली. आई-बाप कामावर गेले तरी भाऊ-बहीण एकाच आवारात राहू शकतात, ही आश्रमशाळेची खरी ताकद. तिथल्या उणिवा आपण सगळे जाणतो, त्या झाकायचं कारण नाही. पण ही सोय नसती तर काय झालं असतं, तेही विचारात घ्या.

आता जरा दूर जाऊ, कारण तुलनेने मुद्दा स्पष्ट होतो. न्यूयॉर्क शहराने १८४७ साली एक मोफत महाविद्यालय काढलं, पुढे ते सिटी कॉलेज झालं. १८७० साली मुलींसाठी हंटर कॉलेज आलं. १९७६ पर्यंत तिथे शिकवणीची फी नव्हती. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू घरांतली मुलं या कॉलेजांतून पुढे आली. भाऊ सिटीत, बहीण हंटरमध्ये, संध्याकाळी दोघं घरी. अमेरिकेत अलीकडे टेनेसीसारख्या राज्यांनीही दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालयं फीमुक्त केली आहेत. पण एक फरक पाहा. न्यूयॉर्कचं स्थलांतरित घर एकदा आलं आणि स्थिरावलं. कॉलेज त्याच शहरात, रात्रीचं जेवण आईच्या हातचं. तिथे फी माफ झाली की बराच अडसर दूर होई. आपल्याकडचं घर दरवर्षी उठतं आणि दरवर्षी परततं. म्हणून तिथला उपाय इथे अर्धाच लागू पडतो.

मग इथे काय झालं? मुलींना बारावीपर्यंत फी नाही. २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायदा आहे. ऊस कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. आई-बापामागे गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या महाविद्यालयीन मुलांसाठी स्वाधार, स्वयंम् आणि २०२३ साली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आल्या, ज्यांत राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. २०२४ च्या जुलैमध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. नीट पाहिलं तर सरकारही हळूहळू फीकडून भाकरीकडे सरकलेलं दिसतं. शाहू महाराजांच्या बोर्डिंगपर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षं लागली, एवढंच.

पण अजूनही योजना मोजतात ती एकेका विद्यार्थ्याला. ईबीसीची वारस म्हणावी अशी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या. तिच्यात एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांची अट आहे. तिसऱ्याने काय करायचं, आणि ते तिसरं मूल मुलगी असेल तर घरात काय ठरेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आणि आपली थोरली? तिची फी कधीच नव्हती. तिला शाळेत ठेवायचं तर तिच्या कडेवरच्या मुलाला कुणीतरी घ्यायला हवं. म्हणजे फडावर पाळणाघर हवं, गावात हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर नव्हे तर ट्रक निघायच्या आधी उघडायला हवं, आणि दहावीनंतर तालुक्याच्या आयटीआयजवळ किंवा कॉलेजजवळ तिला राहायला खोली हवी. यातली एक कडी जरी तुटली तरी शाळा सुटते, आणि मग लग्न करून तिचाच नवा कोयता होतो.

वसंतरावांच्या वडिलांनी जे आपल्या घरापुरतं केलं, ते सरकारने सगळ्या तांड्यांसाठी करायचं आहे. मुलगा-मुलगी शिकत असताना घराचं अडू द्यायचं नाही. ‘मोफत’ या शब्दाचा आम्हाला समजलेला अर्थ हा असा आहे. तुमच्यापैकी कुणी आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात शिकलं असेल, तर भावंडांपैकी कोण शिकलं आणि कोण मागे राहिलं, ते आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा. तोही इतिहासच आहे, आणि तो अजून कुठे नीट लिहिला गेलेला नाही.