विषारी वायु आणि उजेड

पौष-माघांत वाशीमच्या पठारावर गारठा झोंबूं लागला म्हणजे दारें-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी खोलींत घेण्याचा मोह होतो, आणि घरांतील वडील मंडळी ती बाहेर ठेवावयास बजावतात. ह्या बजावण्यामागें कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु आहे. त्यास ना रंग, ना वास. रक्तांत तो प्राणवायूची जागा बळकावतो हें पॅरिसच्या क्लोद बेर्नारनें १८५७ त सांगितलें. हिमोग्लोबिनावर त्याची पकड प्राणवायूहून दोनशें पटींपेक्षां अधिक घट्ट. रक्त लालच दिसतें, पण शरीर गुदमरतें.

आम्हांस सांगावयाची ती हकीकत ह्या पकडीचीच आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन हा खाणींतील मृत्यूंचा शोध घेत होता. (भारताचे नागरिक होऊन १९६४ त भुवनेश्वर येथें वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्याचेच पुत्र.) हा वायु त्यानें स्वतः हुंगून पाहिला होता. १८९६ त लोरेन स्मिथसमवेत त्यास आढळलें कीं, प्रखर उजेडांत ही पकड सैल होते. तीस वर्षांनीं बर्लिनमध्यें ओटो वॉरबुर्गनें ह्याच वायूनें यीस्टचें श्वसन कोंडलें आणि उजेड पाडून पुन्हां मोकळें केलें. कोणत्या रंगाचा उजेड किती परिणाम करतो हें मोजून त्यानें श्वसनाच्या एंझाइमाचें स्वरूप ओळखलें. १९३१ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें.

इतकें ठाऊक असूनहि त्याचा औषध म्हणून विचार होण्यास शतक लोटावें लागलें! विषाकडे विष म्हणूनच पाहण्याची संवय आड आली, असें आम्हांस वाटतें. १९४९ त स्वीडनच्या श्येस्ट्रांडनें मानवी शरीर स्वतःच हा वायु किंचित् निर्माण करतें असें दाखविलें. अल्प मात्रेंत तो रक्तवाहिन्या सैल करतो, दाह शमवितो, हें पुढें कळलें. २००२ त लंडनमध्यें मोटेर्लिनी व सहकाऱ्यांनीं हा वायु धातूशीं बांधलेले रेणू तपासले. त्यांतील मँगनीजचा रेणू उजेड पडल्यावरच वायु सोडी. २००८ त जर्मनींत शाट्झश्नायडर यांच्या गटानें अशाच एका रेणूनें आंतड्याच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेंत मारल्या. अंधारांत मात्र तो रेणू निरुपद्रवी राहिला.

अडचण आहे ती त्वचेची. निळा उजेड तींत खोल शिरत नाहीं. तांबडा शिरतो, पण बंध तोडण्यास त्याचें बळ पुष्कळदां अपुरें पडतें. म्हणून तांबड्या उजेडानें उघडणारे रेणू घडविण्याची खटपट चालू आहे. माणसाच्या उपचारास त्यांपैकीं एकासहि अद्याप मान्यता नाहीं, आणि वायु सुटल्यावर मागें उरणाऱ्या धातूचें शरीरानें काय करावें हा प्रश्न आहेच.